थांबून गेलेली गाडी

निवृत्त मास्तराची एक खोड सुटता सुटत नाही. त्याला कुठल्याही गोष्टीचे तात्पर्य सांगावेसे वाटते. बेळगावच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. श्रावणबाळाची गोष्ट त्या काळात किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. तात्पर्य ठरलेले असे: आईवडिलांची सेवा करावी. मुले माना डोलवत, घंटा होई, विषय संपे. त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे आणि खरी परीक्षा त्याची आहे, हे कळायला मला एकाहत्तरावे वर्ष उजाडावे लागले. तेही वर्गात नाही, मुलाच्या गाडीत बसलेलो असताना.

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे दक्षिणेकडे निघालो. मुलगा गाडी चालवणार, सूनबाईंनी रस्त्याचा नकाशा आणि औषधांची पिशवी सांभाळायची, आमच्या सौभाग्यवतींनी चकल्या-कडबोळ्यांचा डबा आणि ओळखीच्यांना द्यायला घेतलेले कुंद्याचे बॉक्स सांभाळायचे, आणि मी व नऊ वर्षांची नात चिमी यांनी खिडकीबाहेर बघायचे, अशी कामाची वाटणी होती. खानापूरच्या जंगलातून जो सह्याद्री आपण लहानपणापासून पाहतो, तोच पुढे पालघाटच्या खिंडीपर्यंत जवळजवळ सलग गेला आहे. त्याचा हात धरून जायचे, एवढाच बेत. यल्लापूर, शिरसी, जोग, आगुंबे, शृंगेरी, मडिकेरी, म्हैसूर अशी वाट आम्ही धरली. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाले, तेव्हापासून जोगचे पाणी बरेचसे माणसाच्या हिशेबाने पडते. तरी चिमीने टाळ्या वाजवल्या. आगुंब्याला सूर्य ढगातच बुडाला. मडिकेरीला कॉफीच्या मळ्यात मिरीचे वेल झाडांवर चढलेले पाहून सौभाग्यवतींना आपल्या परसातल्या नागवेलीची आठवण झाली. प्रवास असा चालला होता. सांगण्यासारखे भांडणही झाले नाही.

म्हैसूरहून निघायला मात्र उशीर झाला. बंडीपूरच्या जंगलातून जाणारा रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद केलेला होता. वाघ, हत्ती, हरणे यांना निदान रात्र तरी त्यांची मिळावी, भरधाव गाड्यांखाली ती मरू नयेत, म्हणून. नऊला दहा मिनिटे कमी असताना आम्ही गुंडलुपेटच्या अलीकडेच होतो. फाटकापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. मुलाने एक सुस्कारा टाकून गाडी लॉजकडे वळवली. त्या रात्री जेवताना मी चिमीला मोठ्या अभिमानाने सांगितले, "बघ, मुक्या जनावरांसाठी माणसं कशी थांबतात!" तात्पर्य सांगायची खोड, दुसरे काय!

उटीला दोन दिवस राहिलो. कुरिंजीच्या झुडपांना फुले नव्हती. ती बारा वर्षांनी फुलते, मागचा बहर २०१८ सालचा. आपल्या डोंगरातली सात वर्षांनी फुलणारी कारवी तिची सख्खी बहीण. तिसऱ्या दिवशी पायकारा, नडुवट्टम करीत घाट उतरून गुडलूरला आलो. वाटेत चहाचे मळे लागले. उतारावर हिरवा गालिचा आणि त्यात पाठीला झोळ्या बांधलेल्या बायकांची एक रांग. सगळ्यांनी फोटो काढले. माझ्याही फोनमध्ये ते चार फोटो अजून आहेत.

गुडलूर हे आपल्या मंडळींनी बघावे असे गाव आहे. निसर्ग आहेच, पण मी म्हणतो ते दुकानांच्या पाट्यांसाठी. तिथे तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक ही तीन राज्ये एकमेकांच्या अंगणात आहेत. ज्या १ नोव्हेंबर १९५६ ला आमचे बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी शेजारचे वायनाड मद्रासेतून केरळात गेले आणि कोडगू हे आपले वेगळे राज्य गमावून म्हैसुरात विलीन झाले. चहाच्या दुकानात एका टेबलावर तीन भाषा ऐकू आल्या आणि मला घरी आल्यासारखे वाटले. हे मुद्दाम सांगतो. कारण त्यानंतर तासाभरातच, भाषा येत नाही ही सबब मी स्वतःला दिली.

गुडलूरहून देवरशोल्याच्या बाजूने सुलतान बत्तेरीला निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते. धुके उतरले होते, पाऊस भुरभुरत होता. एका वळणावर उजवीकडच्या मळ्यातून काहीतरी पांढरे उडी मारून रस्त्यावर आले. मुलाने ब्रेक दाबला. धडक फार मोठी नव्हती. दार जोरात लावल्यासारखा आवाज झाला. गाडी थांबली. मागे वळून पाहिले तर दिव्यांच्या तांबड्या उजेडात एक शेळी रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली. पाय हलत होते.

कोणीच बोलले नाही. मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिले. "आप्पा, काय करू?"

चव्वेचाळीस वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय सांभाळणारा मुलगा; पण त्या क्षणी तो मला विचारत होता. मी रस्त्याच्या पुढे पाहिले, मागे पाहिले. कुठेतरी खाली एक दिवा हलला. मी म्हणालो, "चल. पुढं बघू."

गाडी निघाली. चिमीने विचारले, "आज्जा, ती मेली का?" मी म्हणालो, "नाही गं. उठून गेली असेल."

पाच मिनिटांत दोन गोष्टी केल्या. पळालो आणि खोटे बोललो. एकतीस वर्षे मुलांना जे करू नका म्हणून सांगितले, तेच.

त्या रात्री बत्तेरीच्या लॉजवर अंधारात पडून मी माझा खटला स्वतःच चालवला, आणि वकीलही मीच होतो. वकील हुशार होता. रात्र होती. गाडीत दोन बायका आणि एक लहान मूल होते. तिथली भाषा येत नव्हती. गाडीची पाटी परराज्याची. पाटी पाहून दगड पडतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात महाराष्ट्राच्या पाट्यांच्या वाहनांवर दगड पडले, आणि कावेरीच्या वादात कर्नाटकाच्या व तमिळनाडूच्या गाड्यांनी हेच भोगले आहे. शेळी आपण होऊन आडवी आली. मुलगा बेदरकार चालवत नव्हता. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. सबब खोटी असली की मनुष्याला निदान लाज वाटते. खरी असली की तो तिच्यावर डोके ठेवून झोपू शकतो. मला मात्र झोप येईना.

पहाटे सौभाग्यवती उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मागं जाऊया." पलीकडच्या खोलीचे दार वाजवले तर मुलगा कपडे घालून तयारच होता.

ती जागा सापडायला दीड तास लागला. चहाच्या मळ्यातली सगळी वळणे सारखीच. शेवटी एका टपरीवाल्याने गाडीच्या पुढच्या भागाकडे एकदा बघितले आणि आम्ही काही विचारण्याआधीच हाताने थांबायची खूण केली. तो मलयाळी होता, पण म्हैसूरला हॉटेलात राबल्यामुळे त्याला मोडके कन्नड येत होते. म्हणजे भाषेची अडचण ती तेवढीच होती! शेळी मळ्यातल्या एका मजूर बाईची होती. मजुरांच्या चाळींना तिकडे 'पाडी' म्हणतात. त्या पाडीत ती राहते. आत्ता कामावर गेली आहे, कारण एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. टपरीवाल्याने एका पोराला वर पिटाळले.

काल ज्या देखाव्याचे आम्ही फोटो काढले होते तसल्याच एका देखाव्यातून मग एक बाई खाली उतरली. पन्नाशीची असेल. पाठीवर झोळी, कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, पायांवर जळवा लागू नयेत म्हणून काहीतरी चोळलेले. टपरीवाला म्हणाला, हिचे आईबाप सिलोनहून आलेले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांपैकी सव्वापाच लाख माणसे भारताने परत घ्यायची ठरली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना काम मिळावे म्हणून तमिळनाडू सरकारने १९६८ पासून निलगिरीत चहाचे मळे उभे केले. म्हणजे दोन राजधान्यांत दोन सह्या झाल्या आणि ही माणसे समुद्र ओलांडून, ज्या मुलखात आपले म्हणण्यासारखे कोणी नव्हते तिथे, पुन्हा चहाच खुडायला आली. सीमेची रेघ आपल्या घरावरून गेली याचे दुःख आपण सांगत असतो, आणि ते खरे आहे. या बाईच्या घराने ती रेघ दोनदा ओलांडली.

आम्ही कन्नडमध्ये बोललो, टपरीवाल्याने तमिळमध्ये सांगितले. मुलाने हात जोडले. दहा हजार रुपये पुढे केले. अशा प्रसंगी कथेतली गरीब बाई पैसे नाकारते आणि वाचकाचे डोळे पाणावतात. या बाईने पैसे घेतले. मोजून घेतले, कमरेला खोचले. ते बरोबरच होते. ते तिचेच होते. तिने नाकारावेत असे मला आतून कुठेतरी वाटत होते हे त्या क्षणी ध्यानात आले, आणि त्याचीही लाज वाटली. म्हणजे तिने आपली शेळीही द्यायची आणि वर मला माझे मोठेपणही द्यायचे!

मग ती काहीतरी बोलली. दोनच वाक्ये. टपरीवाला सांगायला कचरत होता, मी आग्रह केला. पहिले वाक्य असे: "गाडी थांबली होती, मग गेली." दुसरे असे: "रात्री बारापर्यंत जीव होता."

तिने आवाज चढवला नव्हता. टपरीवाल्याने ब्रेकचा आवाज ऐकला होता, दिवा घेऊन तो वर येत होता. तो हलणारा दिवा! माझ्या मनातला जमाव म्हणजे एवढाच होता. एक माणूस आणि एक कंदील. गावात जनावरांचा दवाखाना होता, पण पावसात तेवढ्या लांब न्यायला वाहन नव्हते. वाहन होते ते निघून गेले होते.

परत आल्यावर मी मोटार वाहन कायदा काढून वाचला. १९८८ च्या कायद्यातले १३४ वे कलम. अपघातात कोणी जखमी झाले तर चालकाने त्याच्या औषधपाण्याची शक्य ती सर्व तजवीज करावी. मात्र जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. आणि माणसाला इजा झालेली असो की परक्याच्या मालमत्तेचे नुकसान, जवळ पोलीस नसेल तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, पोलीस ठाण्यात कळवावे. कायदा करणाऱ्यांना माणसाचे भय माहीत होते. त्यांनी त्याला जागा ठेवली आहे. हे वाचून मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. पण मग ध्यानात आले की भयच खरे असते तर पुढच्या ठाण्यापाशी थांबता आले असते. बत्तेरीत पोलीस होते, आम्ही मात्र लॉज शोधत होतो. चोवीस तासांच्या आत मागे गेलो, तेही ठाण्यात नव्हे. तरी त्या अर्थाने आम्ही फारसे चुकलो नाही असे म्हणता येईल. कायद्याने चोवीस तास दिले होते. शेळीकडे सहा होते.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. हीच शेळी आमच्या गल्लीत गाडीखाली आली असती तर मी काय केले असते? उतरलो असतो. आरडाओरडा झाला असता तरी उतरलो असतो. कारण ज्याची शेळी तो उद्या बाजारात भेटणार, त्याची मुलगी माझ्या सूनबाईंच्या ओळखीची निघणार, दोन भाषांत मिळून माझे नाव निघणार. आपल्याकडे कानडी आणि मराठी घरे भिंतीला भिंत लावून राहतात. वर्तमानपत्रात काहीही छापून येवो, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याचीच गाडी निघते. या चांगुलपणाचा मला अभिमान आहे. पण तो चांगुलपणा आहे, की उद्याचा धाक? जिथे उद्या नाही, जिथून आपण फक्त जात आहोत, तिथे तो आपल्याबरोबर येत नसेल तर त्याला काय म्हणावे? बंडीपूरच्या फाटकापाशी मी मोठा भूतदयावादी होतो. फाटक होते म्हणून.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाला अंगठी सापडल्याची गोष्ट आहे. ती फिरवली की तो अदृश्य होतो, आणि अदृश्य होताच तो राजाला मारून राज्य घेतो. कोणी पाहत नसेल तर न्यायी आणि अन्यायी माणसात फरक उरेल काय, असा तिथे प्रश्न आहे. आपल्या महाभारतात शकुंतला भर दरबारात दुष्यंताला वेगळ्या शब्दांत तेच ऐकवते: तू एकटा आहेस असे समजू नकोस, सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, पाणी, दिवस, रात्र, दोन्ही संध्याकाळ आणि स्वतःचे हृदय माणसाचे वागणे पाहत असतात. लांबच्या प्रवासातली गाडी म्हणजे त्या मेंढपाळाची अंगठी आहे. काच वर केली की आपण कोणाचे कोणी नसतो. आमची वेळ नेमकी संध्याकाळची होती, हे मला नंतर आठवले.

आता श्रावणबाळाच्या गोष्टीतला तो दुसरा माणूस. वाल्मीकींनी ती गोष्ट दशरथाच्याच तोंडून सांगितली आहे. राम वनात गेल्यावर, मरणाच्या रात्री, कौसल्येला. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, अंधार. घडा बुडण्याचा आवाज आला, तरुण दशरथाला हत्ती वाटला, त्याने बाण सोडला. हेतू नव्हता. पाहणारे कोणी नव्हते. तो राजपुत्र होता, रथ वळवून निघून जाणे सोपे होते, आणि सबबी माझ्यापेक्षा किती तरी चांगल्या होत्या. पण किंकाळी ऐकून तो आवाजाच्या दिशेने गेला. मुलगा अजून जिवंत होता, म्हणून आंधळे आईबाप कुठे आहेत, तहानलेले आहेत, हे दशरथाला कळले. तो घडा भरून त्यांच्याकडे गेला आणि जे झाले ते स्वतः सांगितले. त्या म्हाताऱ्याने शाप दिला, पण त्याआधी हेही म्हटले की तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. अजाणता झालेल्या कर्माला तिथे क्षमा नाही. पण कबुलीला किंमत आहे, आणि ती वेळेवर पोहोचण्यात आहे.

दशरथाचा बाण चुकून सुटला आणि आमची गाडीही चुकून लागली. तिथवर आम्ही बरोबरीचे. त्यापुढच्या दोन मिनिटांत तो वेगळा माणूस ठरला आणि मी वेगळा.

याचा अर्थ मागे जाणे व्यर्थ होते असे नाही. मागे गेलो नसतो तर ते 'चल' आमच्या घराचे वळण झाले असते. चिमीने एकदा पचवले असते, पुढे तिनेच म्हटले असते. परतीच्या वाटेवर मी तिला सांगितले की मी खोटे बोललो होतो. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं, आज्जा." पण मागे जाणे म्हणजे थांबणे नव्हे, हेही खरे. मागे जाऊन शेळीची किंमत देता येते. सहा वाजल्यापासून बारापर्यंतची वेळ देता येत नाही. आपण पुष्कळदा सावकाशीने चांगले असतो. रात्रभर विचार करून सकाळी सज्जन होतो. ज्याच्यावर प्रसंग ओढवलेला असतो त्याच्यापाशी तेवढी रात्र नसते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये मेप्पाडीजवळ डोंगर खचला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे चिखलाखाली गेली. दोनशेहून अधिक माणसे दगावली, कितीएक सापडलीच नाहीत. मरणाऱ्यांत चहाच्या मळ्यांत राबणारी कुटुंबे होती. मेप्पाडीचा भाग नाजूक आहे, जपून वागा, असे माधव गाडगीळांच्या समितीने २०११ सालीच लिहून ठेवले होते. टीव्हीवर ते हिरवे उतार पाहताना सौभाग्यवती म्हणाल्या, "ती बाई बरी असेल ना हो?" मी म्हणालो, "तिचं गाव लांब आहे, तिकडं काही झालेलं नाही." त्यांनी विचारले, "तिचं नाव काय?" मला सांगता आले नाही. शेळीचे पैसे दिले, हात जोडले, कुंद्याचा एक बॉक्स तिथल्या पोराच्या हातात ठेवला. नाव विचारायचे कोणालाच सुचले नाही. तरी एवढे खरे, की मागे गेलो नसतो तर तो डोंगर आमच्यासाठी चार फोटोंपुरताच राहिला असता. आता त्यात एक बाई आहे.

आमच्या घरात आता एक नियम आहे: आधी थांबायचे, मग विचार करायचा. विचार आधी केला की तो सबबी शोधतो, हा माझा अनुभव. मागच्या पावसाळ्यात जांबोटीहून परत येताना रात्री चाकाखाली काहीतरी मऊ आले. मुलाने गाडी बाजूला घेतली. आरशात पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. पाचही जण धो धो पावसात उतरलो. चिमीने बॅटरी धरली.

ते भिजलेले गोणपाट होते. सौभाग्यवतींनी ते उचलून रस्त्याच्या कडेला ठेवले, आणि निथळत्या अंगाने आम्ही गाडीत येऊन बसलो.